पिल्लं म्हणजे वह्या नव्हेत, वाटायला

स्पष्टच लिहितो. वाचून कोणाला लागलं तर लागू द्या.

एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत बॅनर लागलेत. येत्या रविवारी सकाळी दहा ते एक, 'भव्य मोफत पिल्लू वाटप व दत्तक मेळावा'. वर नेत्यांचे फोटो, खाली कार्यकर्त्यांचे, आणि कोपऱ्यात इंटरनेटवरून उचललेलं गोल्डन रिट्रीव्हरचं गुबगुबीत पिल्लू. प्रत्यक्षात वाटणार आहेत मटण मार्केटच्या मागची आणि जुन्या गोदामातली आपली गावठी पिल्लं, शिवाय मांजरीची चार-पाच. खाली ठळक अक्षरात 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य'.

वाटप हा शब्द बघा. साडीवाटप, छत्रीवाटप, वह्यावाटप, दिवाळीला उटणंवाटप. आता पिल्लूवाटप. वही नेलेल्या पोरानं त्यात अभ्यास केला की होड्या केल्या, हे बघायला कोणी जात नाही, आणि त्यानं फार बिघडतही नाही. पण पिल्लू बारा-तेरा वर्षं जगतं. त्याला रोज खायला लागतं, दरवर्षी लस लागते, रात्री झोपायला जागा लागते. ते आजारी पडतं, म्हातारं होतं. 'प्रथम येणाऱ्यास' हा नियम रेशनच्या रांगेत ठीक आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. नेणाऱ्याची चौकशी न करता, नसबंदी कोण करणार हे न ठरवता आणि 'नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणा' असं न सांगता पिल्लू हातात देणं म्हणजे दत्तक देणं नाही. ते दुसऱ्यांदा टाकून देणं आहे. पहिल्या वेळी कोणीतरी रात्री पोत्यात घालून टाकलं होतं, यावेळी दिवसा, माईक लावून.

हे हवेत बोलत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात असाच मेळावा झाला. कोणी भरवला ते नाव घेत नाही, कारण मुद्दा एका मंडळाचा नाही. दोन तासांत सगळी पिल्लं गेली. पेपरात फोटो आले, अभिनंदनाच्या पोस्ट फिरल्या. सहा महिन्यांनी मी नेणाऱ्यांची यादी मागितली. यादी म्हणजे शंभर पानी वही. त्यात नाव आणि मोबाईल नंबर. पत्ता नाही, पिल्लू नर की मादी ते नाही, लस दिली का ते नाही. बरेच फोन लागलेच नाहीत. काहींनी विषय काढताच कट केले. नऊ जणांपर्यंत मी पोचलो.

नऊ पिल्लांचा हिशोब असा. दोन पहिल्या पंधरा दिवसांतच पार्व्होनं गेली. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत संपलं. लस झालेली नव्हती, आणि ती द्यायची असते हे नेणाऱ्याला कोणी सांगितलंही नव्हतं. एक हायवेवरच्या ढाब्यावर गेलं, ते गाडीखाली आलं. एक मळ्यात राखणीला गेलं, त्याचं पुढे सांगतो. दोन माद्या होत्या. 'आम्हाला वाटलं नर आहे' असं म्हणून एक आठवडे बाजारात सोडली, दुसरी साखर कारखान्याच्या रस्त्याला. एक पिल्लू मेव्हण्याला दिलं, मेव्हण्यानं आणखी कोणाला, पुढे पत्ता नाही. उरली दोन. ती मजेत होती.

नऊ म्हणजे काही सर्वेक्षण नाही, हे मलाही कळतं. त्यावरून टक्केवारी काढू नका. पण या नऊ घरी सहा महिन्यांत आयोजकांपैकी एकही माणूस फिरकला नव्हता. मी गेलो तेव्हा एका काकांनी विचारलं, "परत न्यायला आलात का?" त्यांच्याकडचं तर केव्हाच मेलं होतं.

आता मळ्यातल्या त्या पिल्लाचं. आमचा पट्टा उसाचा आणि बिबट्याचा. 'राखणीला पाहिजे' म्हणून कुत्रं नेणारे इथे सर्वात जास्त. नेतात, आणि गोठ्याबाहेर खुंट्याला चार फुटी साखळीनं बांधतात. बिबट्याला यापेक्षा सोपी शिकार कोणती? अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबानं बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यामेंढ्यांपेक्षाही जास्त. मोकळं कुत्रं निदान पळेल, ओरडेल, घरात शिरेल. साखळीतलं कुठे जाणार? आणि कुत्र्याच्या वासावर बिबट्या दारापर्यंत आला की त्याच अंगणात पोरंही खेळत असतात. म्हणून 'रात्री कुत्रं कुठे असणार?' हा प्रश्न आमच्या तालुक्यात माणसांच्याही जिवाचा आहे. उत्तर 'बाहेर बांधणार' असेल तर पिल्लू द्यायचं नाही. रात्री बंद गोठ्यात किंवा ओसरीला जाळी लावून ठेवणार असेल, तर मळ्यासारखी चांगली जागा दुसरी नाही. शेतकऱ्याला नाही म्हणा, असं मी म्हणत नाहीये.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो पत्रकार, रस्त्यावर मरणारच होतं ना? घर तर मिळालं बिचाऱ्याला!"

हे वाक्य मला सर्वात जास्त खटकतं. मुळात, रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं मरायला टेकलेलं नसतं. चौकातली चार वर्षांची कुत्री, जिला अख्खी आळी ओळखते, चहावाला बिस्कीट टाकतो, मटणवाला हाडं टाकतो, ती तिच्या जागी ठीक आहे. तिला ऊन कुठे, सावली कुठे, कोणत्या पोरापासून लांब राहायचं, सगळं माहीत आहे. तिला पकडून नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जागच्या जागी सोडा. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम हेच सांगतात. तिला उचलून अनोळखी गावात साखळीला बांधलं तर तिचं भलं झालं असं मला तरी वाटत नाही.

घराची खरी गरज कोणाला असते? आई मेलेल्या पिल्लांना. अपघातात पाय गेलेल्याला, आंधळ्या झालेल्याला. आणि माणसांनी पाळून टाकलेल्यांना. ही तिसरी जात आमच्याकडे वाढत चाललीय. शनिवारी-रविवारी शहरातून गाड्या येतात, घाटात किंवा ढाब्यापाशी थांबतात, दार उघडतं, लॅब्राडॉर नाहीतर हस्की खाली उतरतो, गाडी निघून जाते. कारण काय तर फ्लॅट बदलला, बाळ झालं, अमेरिकेला चाललो. 'गावाकडे मोकळ्या हवेत राहील.' हस्की, उन्हाळ्यात, आमच्या मोकळ्या हवेत! एसीत वाढलेल्या कुत्र्याला उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही. गावठी कुत्री त्याला हद्दीत येऊ देत नाहीत. असं कुत्रं सापडलं तर त्याला घर शोधायलाच हवं, पण तेही चौकशी करून. कारण फुकटात जातिवंत कुत्रा म्हटलं की ब्रीडिंगवाले सर्वात आधी फोन करतात. मादी असेल तर तासाभरात.

आणि ज्या पिल्लांची आई जिवंत आहे त्यांना मेळाव्यासाठी उचलूच नका. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईपाशी आणि भावंडांत राहायला हवं. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते तिथेच शिकतं. पाच आठवड्यांचं 'क्यूट' म्हणून उचललेलं पिल्लू पुढे पोरांचे हात फोडतं, आणि मग 'हे चावरं निघालं' म्हणून पुन्हा रस्त्यावर. मांजरीच्या पिल्लांचंही तसंच. कोपऱ्यात तीन पिल्लं दिसली की लोक म्हणतात आई सोडून गेली. अहो, ती खायला गेलेली असते. लांब उभं राहून दोन-चार तास वाट बघा.

आता कोर्टाचा मुद्दा. मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय की 'सुप्रीम कोर्टानेच दत्तक द्यायला सांगितलंय'. अर्धवट आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात कोर्टानं म्हटलं की नसबंदी आणि लस करून कुत्री त्याच भागात सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. ज्यांना दत्तक घ्यायचंय त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून द्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. अर्ज, टॅग आणि जबाबदारी. रविवारच्या बॅनरवर यातलं काय आहे? नंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवायचा आदेश आला, आणि तेव्हापासून सगळीकडे 'कुठेतरी घालवा' अशी घाई सुटलीय. निवारा बांधायला पैसा लागतो, नसबंदी केंद्राला डॉक्टर लागतो. पिल्लूवाटपाला मांडव आणि माईक पुरतो. म्हणून वाटप.

आणि चुकीच्या घरात गेलेल्या कुत्र्याचे हाल झाले तर कायदा काय करेल? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका प्लेट मिसळीपेक्षा कमी. चावी देणाऱ्याच्या हातात आहे तोवरच काय ते करता येतं. एकदा पिल्लू गेलं की गेलं.

मग चौकशी करायची म्हणजे काय विचारायचं? इथे मला शहरातल्या काही प्राणीमित्रांशीही भांडायचंय. त्यांचे फॉर्म मी पाहिलेत. स्वतःचं घर आहे का? लग्न झालंय का? पगार किती? कुटुंब शुद्ध शाकाहारी आहे का? हे कुत्रं देताय की मुलगी? मांजर तर पूर्ण मांसाहारी प्राणी. मांसातून मिळणाऱ्या टॉरिनशिवाय तिचे डोळे आणि हृदय खराब होतं. आणि तुम्ही तिला 'शाकाहारी घर हवं' म्हणता? भाडेकरू, एकटे राहणारे, मटण खाणारे वाईट आणि बंगलेवाले चांगले, ही चौकशी नाही. आपले जुनेच पूर्वग्रह फॉर्मवर छापलेत.

त्या नऊ पिल्लांतली जी दोन मजेत होती, ती कुठे होती सांगू? एक शिलाईकाम करणाऱ्या ताईंकडे, दोन भाड्याच्या खोल्यांत. ताई दिवसभर मशीनवर, कुत्री पायापाशी. मालकाला आधी विचारलेलं, लस झालेली, नसबंदीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले. दुसरं एमआयडीसीत काम करणाऱ्या चार पोरांच्या खोलीवर. चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, म्हणजे चोवीस तासांत कोणी ना कोणी घरी. कुत्र्याला रोज उकडलेलं अंडं, पोरं मात्र वडापाववर. शहरातल्या त्या फॉर्मनं ही दोन्ही घरं नापास केली असती. आणि नऊपैकी ज्या घरापुढे दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांनीच मादी बाजारात सोडली.

म्हणून माझे सात प्रश्न. लिहून घ्या.

१. दिवसा घरी कोण असतं, आणि रात्री हे कुठे झोपणार?

२. सांभाळणार कोण? जो न्यायला आलाय तो बहुतेक वेळा सांभाळत नाही. पोरगा हौसेनं आणतो, महिन्याभरात शी-शू काढते आई नाहीतर सून. म्हणून तिच्याशी फोनवर बोलल्याशिवाय देऊ नका. तिचं 'हो' असेल तरच.

३. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? बस. स्वतःचं पाहिजे अशी अट नको.

४. याआधी कुत्रं किंवा मांजर होतं का? त्याचं काय झालं? वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय, माझ्या अनुभवात हा सर्वात कामाचा प्रश्न. विचारा आणि गप्प बसा. 'म्हातारं होऊन गेलं, शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, हातानं भरवत होतो' असं म्हणणाऱ्याला डोळे झाकून द्या. 'एक पळून गेलं, एक कोणीतरी नेलं, एक गाडीखाली आलं' म्हणणाऱ्याला चौथं देऊ नका.

५. लग्नकार्याला, वारीला, दिवाळीत गावी गेलात तर बघणार कोण?

६. नसबंदी कधी करणार, कुठे करणार, खर्च कोणाचा?

७. चावलं, चपला फाडल्या, आजारी पडलं तर काय करणार? इथे 'काही नाही होत हो' म्हणणारा धोक्याचा. 'डॉक्टरला विचारेन' म्हणणारा चालेल.

कोणतं जनावर कोणाला, हेही बघावं लागतं. सत्तरीच्या आजी-आजोबांना तीन महिन्यांचं पिल्लू दिलं तर ते दिवसभर पायात येणार, एक दिवस आजी पडणार. त्यांना सहा-सात वर्षांचं शांत कुत्रं द्या, दोघांचंही बरं चालेल. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर घाबरट, गुरगुरणारं कुत्रं नको. लोकांना सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. पण मोठ्या कुत्र्याचा स्वभाव कळलेला असतो, आकार ठरलेला असतो, पिल्लाचा मात्र अंदाजच. हे समजावून सांगणं मेळावा भरवणाऱ्याचं काम आहे.

मादीबद्दल दोन शब्द. प्रत्येक दत्तक पोस्टखाली पहिली कमेंट 'मेल आहे का?' नर जातात, माद्या राहतात. मग आयोजक शेवटच्या अर्ध्या तासात माद्या कोणाच्याही गळ्यात मारतात. कारण विचारलं तर म्हणतात, पिल्लं घालेल. अहो, म्हणून तर नसबंदी. सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या, प्रश्न मिटला. न करता दिलेली एक मादी पुढच्या वर्षी पाच-सहा पिल्लं घेऊन त्याच मांडवात हजर. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. नसबंदीचं न ठरवता केलेलं वाटप म्हणजे पुढच्या वाटपाची तयारी. रंगाचंही तेच. काळं नको, अपशकुनी. आणि काही जणांना काळंच हवं, कारण ज्योतिषानं शनीसाठी सांगितलंय. साडेसाती संपली की कुत्र्याचं काय करणार, हे विचारा त्यांना.

मांजरांकडे तर कोणी लक्षच देत नाही. खोक्यात घालून 'घेऊन जा' एवढंच. मांजर नव्या घरात नेली की पहिले आठवडा-दोन आठवडे एका खोलीत बंद ठेवावी लागते. वाळूचं घमेलं, पाणी, लपायला खोकं. तिला घराचा वास आपला वाटायला लागला की मग दार उघडायचं. आमच्याकडे नेल्या दिवशीच अंगणात सोडतात आणि संध्याकाळी फोन, 'ती पळून गेली हो'. ती पळाली नाही, हरवलीय. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना गॅलरीला जाळी असेल तरच द्या. किराणा दुकान, धान्याचं गोदाम यांना 'उंदरांसाठी' मांजर हवी असते. तिथे एकच विचारा, उंदराचं औषध टाकता का? विष खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला की तीही गेली. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल मांजरीला कधीही देऊ नका, त्यानं ती मरते. हे एका कागदावर छापून खोक्यासोबत द्यायला किती खर्च येतो? बॅनरपेक्षा कमीच.

आता दोन आक्षेप घेतो, कमेंटमध्ये येणारच आहेत.

"इतके प्रश्न विचारले तर नेणार कोण?" बरोबर. कमी लोक नेतील. चाळीसपैकी दहा पिल्लं जातील. उरलेली तीस तुमच्याकडे राहतील, त्यांना लस द्या, वाढवा, नसबंदी करा, पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करा. हे झेपत नसेल तर चाळीस पिल्लं गोळा का केलीत? जे खरोखर रोज रात्री गल्लोगल्ली फिरून जखमी जनावरं उचलतात, त्यांची ओढाताण मला माहीत आहे. त्यांच्याकडे जागा नसते, पैसा नसतो, शेजारी शिव्या देतात. त्यांच्यावर हा लेख नाही. उलट 'नाही' म्हणायचं बळ त्यांना मिळावं म्हणून आहे. 'कुत्र्यासाठी एवढा माज?' असं ऐकून घेऊन ते चुकीच्या घराला नकार देतात, तेव्हा गावानं त्यांच्या मागे उभं राहायला हवं.

"माणसांची पोरं उपाशी आहेत, तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय." ठीक. मग माणसांचंच बोलू. लस न दिलेलं, नसबंदी न केलेलं, घरातून हाकललेलं कुत्रं चावतं कोणाला? अनवाणी शाळेत जाणाऱ्या पोराला, पहाटे घंटागाडीवर निघालेल्या बाईला, ऊसतोडीच्या कोपीत झोपलेल्या लेकराला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा रेबीज संपवायचा, असा देशाचा कृती आराखडा आहे. तो दिल्लीत बसून संपणार नाही, आपल्या नगरपरिषदेच्या हद्दीतच संपवावा लागेल. प्रत्येक चुकीचं घर म्हणजे पुढच्या वर्षी रस्त्यावर वाढलेलं एक कुत्रं. ज्यांना कुत्री अजिबात आवडत नाहीत, त्यांनी तर माझ्यापेक्षा जोरात हा मुद्दा मांडायला हवा.

आता मागण्या. रविवारच्या आयोजकांना जाहीरपणे सांगतोय.

'वाटप' आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' हे शब्द बॅनरवरून काढा. रविवारी पिल्लं फक्त दाखवा, लोकांना भेटू द्या, अर्ज घ्या. पिल्लू त्या दिवशी कोणाच्याही हातात देऊ नका. पुढच्या आठवड्यात घर बघून या, मग द्या. ज्याला खरंच हवंय तो आठ दिवस थांबतो. जो थांबू शकत नाही, त्याची हौस आठ दिवसांची होती.

पहिली लस आणि जंताचं औषध दिल्याशिवाय पिल्लू मांडवात आणू नका. नाहीतर एकाला पार्व्हो असेल तर चाळीस जणांना होईल.

नोंद नीट ठेवा. पत्ता, ओळखपत्राची प्रत, पिल्लाचा फोटो, नर-मादी, लसीची तारीख, नसबंदीची तारीख. पंधरा दिवसांनी फोन, तीन महिन्यांनी भेट, नसबंदी झाली की नोंद. पहिले तीन दिवस पिल्लू घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची सवय लागते, घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. हे नेणाऱ्याला सांगा, म्हणजे चौथ्या दिवशी 'हे खातच नाही' म्हणून तो सोडून देणार नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, परत घेण्याची लेखी हमी द्या. काही कारणानं नाही जमलं तर आमच्याकडेच आणा, आम्ही बोल लावणार नाही. लोक कुत्रं बाजारात का सोडतात? काहींना खरंच पर्वा नसते. पण बरेच जण लाजेनं सोडतात. परत कोणाला द्यायचं ते माहीत नसतं, आणि परत दिलं तर चार लोकांत बोलणी बसतील अशी भीती. हे दार उघडं ठेवलंत तर निम्मं दुःख तिथेच थांबेल.

नगरपरिषदेला वेगळं सांगणं: कोर्टानं अर्ज आणि टॅग म्हटलंय, तर त्या अर्जाचा नमुना कुठे मिळतो ते फलकावर लावा. नसबंदी केंद्राची निविदा कोणत्या टेबलावर आहे, हे मी पुढच्या आठवड्यात माहिती अधिकारात विचारणारच आहे.

आणि तुम्हा-आम्हाला. सातपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर जमत नसेल तर नेऊ नका, त्यात कमीपणा काही नाही. घर देता येत नसेल तर पंधरा दिवस एखादं पिल्लू लस होईपर्यंत सांभाळा. तेही नसेल तर एका मादीच्या नसबंदीचे पैसे द्या. आपल्या आळीतल्या कुत्र्यापुढे उन्हाळ्यात पाण्याचं भांडं ठेवा. एवढं केलं तरी खूप झालं.

रविवारी मी मांडवात असेन. फोटो काढायला नाही. प्रत्येक पिल्लू कोणाबरोबर, कोणत्या पत्त्यावर गेलं, ते लिहून घ्यायला. सहा महिन्यांनी त्या प्रत्येक दारात जाणार आहे आणि जे दिसेल ते इथेच लिहिणार आहे.

पटलं असेल तर रविवारच्या आत शेअर करा. नसेल पटलं तर खाली भांडा, पण आधी चौथ्या प्रश्नाचं उत्तर देऊन.